सोनकांबळ्यांची सही

आमच्या लॅबमध्ये चहाची किटली आली की तिला आधी कुणी हात लावायचा नाही, असा एक अलिखित नियम होता. सोनकांबळे उठायचे, शर्टाच्या खिशातून स्वतःचा चमचा काढायचे, झाकण उघडून किटली तळापासून ढवळायचे आणि मग म्हणायचे, "हं, घ्या आता." न ढवळता ओतलेला पहिला कप फिका आणि शेवटचा गोडमिट्ट, हे त्यांना अजिबात खपत नसे. "वरचा कप म्हंजे किटली नव्हं, कदमबाई," असं मी रुजू झाल्याच्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं. मी एम.एस्सी. होऊन आलेले, हुद्द्यानं त्यांच्या वर, आणि हा पन्नाशीचा टेक्निकल असिस्टंट मला चहा शिकवतो आहे, म्हणून मला जरा रागच आला होता. खडी फोडायच्या यंत्रावरचे करीमभाई कोपऱ्यातून म्हणाले, "मॅडम, चाय गरम पीने का शौक हो तो घर से पी के आना."

लॅब हैदराबादेत, मलकपेठेत होती, रेसकोर्सच्या मागच्या बाजूला. सरकारी अनुदानावर चालणारी, बैठी, कौलारू, आवारात चिंचेचं झाड. तिथं मुख्यतः क्रोमच्या खनिजाचे नमुने यायचे. पोतंभर दगड यायचा, करीमभाई तो फोडायचे, दळायचे, आणि सोनकांबळे त्या पोत्यातून चमचाभर पूड अशी काढायचे की तिच्यात पोत्याचा गुण जसाच्या तसा उतरलेला असायचा. पुडीचा ढीग करायचा, तो वरून दाबून भाकरीसारखा पसरायचा, त्याचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले दोन परत मिसळायचे. पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग. हे ते इतक्या शांतपणे करायचे की बघणाऱ्याला झोप यावी. मधेच कुणी बोलायला आलं तर ते पहिल्यापासून सुरू करायचे. त्यामुळे त्या खोलीत कुणी फिरकतच नसे, आणि मला वाटतं, त्यांना तेच हवं असायचं.

या सवयीनं त्यांना बाहेरही सोडलं नव्हतं. एकदा मी त्यांच्याबरोबर अफझलगंजला गेले होते. आईला तूरडाळ हवी होती आणि ते म्हणाले, माझा दुकानदार आहे. दुकानदारानं पोत्याच्या तोंडाची ओंजळभर डाळ पुढे धरली. सोनकांबळ्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी पोत्यात खुपसायची लोखंडी नळी मागितली, एकदा मधे, एकदा कडेला, एकदा तळाशी घातली, तिन्ही ठिकाणची डाळ कागदावर मिसळली आणि मग चष्मा वर करून बघत बसले. दुकानदार वैतागला. "क्या साब, हर महिने का यहीच है. दाल लेने कू आते या गवाही लेने कू?" सोनकांबळे म्हणाले, "दोनों." शेवटी डाळ घेतली ती त्यानं आधी दाखवलेलीच. मी वाटेत म्हटलं, मग एवढं कशाला केलं? तर म्हणाले, "चांगलीच हाय की. पण आता मला ठाऊक हाय."

मी त्यांना एकदा 'काका' म्हटलं. घरी बरकतपुऱ्यात आम्ही मराठी माणूस दिसला की काका-मावशी करून टाकतो, त्यातलंच ते. त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. "इथं काका नको. इथं मी सोनकांबळे. घरी या, मग काका म्हणा, मावशीच्या हातचं जेवा." मी गेले, जेवले आणि काका म्हटलं. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये पुन्हा सोनकांबळे आणि कदमबाई.

त्यांचे वडील नांदेडकडचे. गावात मान नव्हता आणि जमीनही नव्हती, म्हणून रेल्वेच्या रुळाबरोबर चालत काचीगुड्याला आले आणि मालधक्क्यावर राबले. सोनकांबळे दिवसा लॅबमध्ये बाटल्या धुवायला लागले आणि संध्याकाळच्या कॉलेजात जाऊन बी.एस्सी. झाले. पण पदवी हाती आली तेव्हा अधिकाऱ्यांची भरती बंद होती. वीस-बावीस वर्षं नमुना त्यांनी काढावा, आकडा त्यांनी आणावा आणि रिपोर्टखाली सही अधिकाऱ्याची असावी. त्याबद्दल ते कधी कुरकुरले नाहीत. फक्त टाइप होऊन आलेला रिपोर्ट ते एकदा पूर्ण वाचायचे आणि खाली सहीची जागा आली की कागद उलटा करून ठेवायचे. हे मी पाहिलं होतं.

मग तो काळ आला, ज्याला सगळे 'ओपन झालं' म्हणायचे. बाजार ओपन झाला, परवाने गेले, बाहेरच्या कंपन्या आल्या, आणि दिल्लीहून आम्हाला पत्र आलं की यापुढे लॅबनं आपलं आपण बघावं. ज्यांना घरी बसायचं असेल त्यांनी स्वखुशीनं बसावं. आमचे दोन अधिकारी स्वखुशीनं बसले. उरले डायरेक्टर रेड्डीसाहेब, मी, सोनकांबळे, करीमभाई आणि एक टायपिस्ट. रेड्डीसाहेब निम्मा महिना दिल्लीच्या चकरांत, त्यामुळे रोजच्या रिपोर्टवर सही करायला माणूसच उरला नाही. मी नवीन, माझी नेमणूक अजून कायम व्हायची होती. रेड्डीसाहेबांनी नियमांचं पुस्तक उलटंपालटं केलं आणि सोनकांबळ्यांना बोलावून, तेलुगू रीतीनं नावापुढे आदराचं 'गारू' लावून सांगितलं, "सोनकांबळे गारू, यापुढं सही तुम्ही करायची."

तो दिवस मला नीट आठवतो. पहिल्या रिपोर्टवर त्यांनी सही केली ती अशी: केशव नागोराव सोनकांबळे. पूर्ण, सुवाच्य, शाळेच्या पाटीवर लिहावी तशी. तिच्यासाठी ठेवलेल्या जागेत ती मावेना. रेड्डीसाहेब म्हणाले, जरा आटोपशीर करा. सोनकांबळे हात जोडून म्हणाले, "साहेब, मधलं नाव बापाचं हाय. त्यानं जन्मभर अंगठा दिला. ते कसं कापू?" टायपिस्टानं त्या दिवसापासून सहीसाठी दोन ओळी जास्त सोडायला सुरुवात केली. एवढी साधी गोष्ट, पण त्या आठवड्यात सोनकांबळे इस्त्रीचे शर्ट घालून येत होते आणि आम्ही सगळे विनाकारण खुशीत होतो.

निकेल आलं ते याच सुमाराला. ओरिसातल्या एका क्रोमच्या खाणीत, वरची पिवळी-तांबडी माती खरवडून काढली की खाली काळा क्रोमचा दगड लागतो. ही वरची माती वर्षानुवर्षं एका बाजूला फेकली जात होती. तिच्यात थोडं निकेल असतं हे जाणकारांना ठाऊक होतं, पण ते काढणं परवडत नाही म्हणून कुणी तिकडे वळत नव्हतं. आता एका कंपनीनं मनावर घेतलं. मातीत पुरेसं निकेल निघालं तर ती आम्लात मुरवून निकेल वेगळं करण्याचा छोटा प्लांट आमच्याच आवारात, चिंचेच्या झाडापलीकडे उभा करायचा, असं ठरत होतं. तसं झालं असतं तर लॅबला पाच-सात वर्षं कुणाच्या तोंडाकडे बघावं लागलं नसतं. नाही झालं तर दिल्लीचं पुढचं पत्र काय असेल, हे सांगायची गरज नव्हती.

नमुना आणायला सोनकांबळे आणि मी गेलो. खाण म्हणजे डोंगर उलटा करून जमिनीत रोवला असावा तशी, पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत गेलेली. एकेका पायरीवर डंपर खेळण्यातले दिसत होते. आणि बाजूला टाकलेल्या मातीची टेकडी. खाणीचा मॅनेजर घाईत होता. म्हणाला, "ऊपर से चार टोकरी ले लीजिए, सब एक ही है." सोनकांबळे म्हणाले, "ऊपर से लेना था तो हैदराबाद से कैकू आते?" आणि त्यांनी टेकडीला माथ्यापासून पायथ्यापर्यंत आठ ठिकाणी चर खणून घेतले. ढीग ओतताना मोठी ढेकळं गडगडत खाली जातात, बारीक माती वर राहते, पावसानं त्यातली काही धुपते, हे त्यांनी त्या मॅनेजरला उन्हात उभं करून समजावलं. त्याला ते पटलं की उन्हानं तो कंटाळला, कळलं नाही, पण माणसं दिली. तीन दिवस ताडपत्रीवर ढीग, चार भाग, पुन्हा ढीग. माती नव्या माठासारखी पाणी धरून होती. तिसऱ्या दिवशी सोनकांबळे पापण्यांपर्यंत तांबडे झाले होते आणि इतके आनंदात मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. "बघा कदमबाई, तीस वर्षं टाकून दिली ही माती. कुणी इचारलं नाही, तुझ्यात काय हाय म्हणून."

हैदराबादेला येऊन आम्ही माती आम्लात विरघळवली. सगळी विरघळली नाही. तळाशी काळी वाळू राहिली, कारण थोडं क्रोम तिच्यात होतंच आणि क्रोम आम्लाला दाद देत नाही. हा तर सोनकांबळ्यांच्या हातचा मळ. ती वाळू त्यांनी क्रोमसाठी नेहमी करायचे तशीच, पेरॉक्साइडची पूड घालून धातूच्या छोट्या क्रुसिबलमध्ये, म्हणजे अंगठ्याएवढ्या वाटीत, लाल होईपर्यंत तापवली, पाण्यात काढली आणि आधीच्या द्रावणात मिसळली. मग निकेलची परीक्षा. त्यात एक औषध घालून अमोनिया टाकला की निकेल असेल तर गुलाबाच्या सरबतासारखा लाल गाळ धरतो. तो असा धरला की करीमभाई यंत्र बंद करून बघायला आले. टायपिस्ट आला. रेड्डीसाहेब स्वतः आले आणि त्यांनी तेलुगूत देवाचं नाव घेतलं. आकडा अपेक्षेच्या जवळजवळ दुप्पट होता. सोनकांबळ्यांनी तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच. त्यांनी सही केली. रिपोर्ट गेला. कंपनीची तार आली की सोमवारी करार करायला येतो. शुक्रवारी उस्मानिया बिस्किटांचे दोन पुडे फुटले.

रविवारी सकाळी साडेआठला सोनकांबळे बरकतपुऱ्यात आमच्या दारात. इस्त्रीचा शर्ट नव्हता, दाढी वाढलेली. आईनं उपमा पुढे ठेवला, त्याला त्यांनी हात लावला नाही. खिशातून रुमालात बांधलेली एक क्रुसिबल काढून ती टेबलावर ठेवली.

"कदमबाई, ही कशाची हाय?"

"निकेलची," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणताच ते काय विचारताहेत हे मला कळलं.

क्रोमसाठी निकेलच्याच क्रुसिबल वापरतात. इतर धातू त्या पेरॉक्साइडपुढे टिकत नाहीत किंवा परवडत नाहीत. निकेलसुद्धा पूर्ण टिकत नाही, दर वेळी थोडं झिजतं. सोनकांबळे दर शनिवारी प्रत्येक क्रुसिबलचं वजन करून वहीत लिहायचे, म्हणजे ती कधी बदलायची ते कळावं. काल दुपारी सगळे गेल्यावर ते असंच वजन लिहीत होते. "लिहिलं, आणि हात थांबला. वीस वर्षं लिहायलो मी, इतकं झिजलं, तितकं झिजलं. ते झिजलेलं जातंय कुठं, हे क्रोम करताना इचारायचं कामच पडलं नाही. ते पाण्यात उतरतंय की. निकेल खाणीतलं नाही बाई. सगळं नाही. निम्मं माझ्या क्रुसिबलचं हाय."

ही चूक नवशिक्याकडून झाली नसती. ज्याच्या हाताला क्रोमची वीस वर्षांची सवय आहे त्याच्याकडूनच ती व्हायची. आणि मी शेजारी उभी होते. माझ्या एम.एस्सी.लाही ते सुचलं नाही, हे मी आज कबूल करते. तेव्हा मात्र मी वेगळंच बोलले. म्हटलं, उद्या करार होऊ दे. प्लांट उभा राहील, मग हळूच पुन्हा तपासणी झाली असं दाखवू. ते रागावले नाहीत. म्हणाले, "चला, लॅब उघडू. दुसऱ्या रीतीनं करून बघू. मी चुकीचं बोलत असलो तर मीच सगळ्यात खूश."

रविवारचा दिवसभर आम्ही काम केलं. काळी वाळू वेगळ्या रीतीनं, निकेलचा स्पर्श न होऊ देता विरघळवली. चारच्या सुमाराला गाळ आला, फिका, तळाशी थोडासा. सोनकांबळ्यांचं म्हणणं खरं निघालं. त्यांनी नवा आकडा वहीत लिहून घेतला.

सोमवारी कंपनीचे लोक यायच्या आधी त्यांनी रेड्डीसाहेबांना सांगितलं. साहेबांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, यंत्रात बिघाड होता असं सांगू या. "यंत्रानं सही केली नाही साहेब," सोनकांबळे म्हणाले. मग ते कंपनीच्या दोन माणसांसमोर उभे राहिले, खुर्चीवर बसले नाहीत, आणि हिंदीत म्हणाले, "सही मेरी है, तो गलती भी मेरी है. ये नया आँकड़ा है. पुराना कागज रद्द समझिए." जुन्या रिपोर्टच्या प्रतीवर त्यांनी त्यांच्यासमोर आडवी रेघ मारली आणि तिच्याखाली पुन्हा पूर्ण नाव लिहिलं. कंपनीचा तरुण माणूस घड्याळाकडे बघत होता. म्हातारा भूशास्त्रज्ञ मात्र क्रुसिबल हातात घेऊन फिरवून फिरवून बघत राहिला. अकराच्या आत ते निघून गेले.

प्लांट आला नाही. सोनकांबळ्यांनी त्याच दुपारी सहीचा अधिकार लेखी परत केला आणि साहेबांनी तो निमूट घेतला. मी त्यांच्यावर इतकी चिडले होते की पंधरा दिवस धड बोलले नाही. माझी नोकरी जाणार होती, करीमभाईंच्या दोन मुली लग्नाच्या होत्या, आणि या माणसाला सत्याची पडली होती. असं मी घरी आईला म्हणाले. आई म्हणाली, "त्यानं उपमा खाल्ला नाही गं त्या दिवशी." सोनकांबळे मात्र रोजच्यासारखे येत, ढीग करत, चार भाग करत. रिपोर्टवर रेड्डीसाहेबांची सही असे आणि सहीच्या वर त्या दोन ओळी मोकळ्या राहत, कारण टायपिस्टाची सवय मोडली नव्हती.

चार महिन्यांनी त्या म्हाताऱ्या भूशास्त्रज्ञाचं पत्र आलं. त्यांच्या दुसऱ्या दोन खाणींचे क्रोमचे नमुने ते यापुढे आमच्याकडे पाठवणार होते. अट एकच: ज्या गृहस्थानं आपला रिपोर्ट स्वतः रद्द केला, त्याचीच सही पाहिजे. रेड्डीसाहेबांनी पत्र सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. करीमभाई म्हणाले, "लो, सोनकांबळे साब, गलती करके भी कमा लिए तुम." सोनकांबळे लाजून बाहेर गेले आणि बराच वेळ चिंचेखाली उभे राहिले. मी त्यांच्यामागे गेले आणि माफी मागितली. "कशाची?" म्हणाले. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं की मी रुसले होते. त्यांना वाटलं होतं, माझ्या घरी काही अडचण आहे.

त्यानंतरची वर्षं बरी गेली. श्रीमंती आली नाही, पण दिल्लीच्या पत्रांची भीती गेली. एका खाणीनं दुसरीला सांगितलं, नमुने वाढले. आम्ही सगळे जागच्या जागी राहिलो आणि म्हातारे होत गेलो.

ते निवृत्त झाले त्या दिवशी शेवटच्या गठ्ठ्यात अकरा रिपोर्ट होते. दहांवर सही करून त्यांनी अकरावा माझ्याकडे सरकवला. "याचे दोन वेळचे आकडे आपसात जुळत नाहीत. थोडाच फरक हाय, पण हाय. उद्या पुन्हा करून बघा." साडेपाच वाजले होते. हार, फोटो, करीमभाईंचं रडणं, सगळं झालं आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी मी तो नमुना पुन्हा तपासला. त्यांनी टाइप करायला दिलेलाच आकडा बरोबर होता. माझ्या मनात आलं, एवढा एक रिपोर्ट त्यांच्या सहीनं जावा. काल संध्याकाळी टाइप झालेला कागद तसाच होता, कालची तारीख घातलेली. नवा आकडा तोच असल्यानं काही खोडायचंही नव्हतं. दुपारी मी तो पिशवीत घालून बस धरली आणि त्यांच्या घरी गेले. ते ओट्यावर बनियनवर बसले होते. मला बघून सदरा घालून आले. मी म्हटलं, "काका, तुमचं बरोबर होतं. एवढी शेवटची सही राहिली बघा."

त्यांनी आकडा वाचला. इतका आनंद झाला त्यांना की दोनदा मांडीवर थाप मारली. मावशींना हाक मारून सांगितलं. मी दिलेलं पेन हातात घेतलं, सहीच्या जागेपर्यंत नेलं. मग त्यांचं लक्ष तारखेकडे गेलं. ते थांबले. मला वाटलं, आता रागावतील. ते नुसते हसले आणि पेन माझ्या हातात परत दिलं.

"आज काम तुम्ही केलं कदमबाई. तारीख आजची घाला, सही तुमची करा."

मी कालची तारीख खोडून आजची घातली. त्यांच्या घरी, त्यांच्या ओट्यावर, मांडीवर वही घेऊन सही केली. मांडीवरची वही हलली, म्हणून अक्षर जरा वाकडं आलं. सोनकांबळ्यांनी कागद माझ्याकडून घेतला, दोन्ही हातांत धरला आणि शाई वाळेपर्यंत त्यावर फुंकर घालत उभे राहिले.